ई-टाइप घ्यावी की जुनी ९११?

जॅग्वार ई-टाइप आणि सुरुवातीची पोर्शे ९११ या दोन्हींवर मन जडलंय. संग्रहातली पहिली गाडी म्हणून कोणती?

दर रविवारी बाहेर काढणार असाल, तर ९११. ई-टाइप मार्च १९६१मध्ये जिनिव्हात अवतरली, ती ३.८ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन आणि २६५ अश्वशक्तीचा दावा घेऊन. तिचा आकार माल्कम सेयरचा. हा माणूस विमानांच्या कारखान्यातून आलेला, आणि ते त्या लांबलचक बॉनेटवर दिसतं. ९११ची ताकद त्यामानाने साधी : दोन लिटर, १३० अश्वशक्ती. पण ते इंजिन हवेवर थंड होतं. रेडिएटर आणि त्याची दुखणी मुळात नाहीतच. माझे डोळे आजही ई-टाइपवरच खिळतात, तरी पहिली गाडी म्हणून ती मी सुचवणार नाही.

इंजिन घड्याळासारखं चालतंय, रंगही नवा आहे. ई-टाइपचा सौदा पक्का करू का?

थांबा. आधी गाडी रॅम्पवर चढवा. इंजिन उघडून पुन्हा बांधता येतं, त्याचे भागही मिळतात. खरा पैसा पत्र्यात जातो. ई-टाइपला वेगळी चॅसिस नाही. दाराखालच्या सिल आणि फ्लोअर हेच गाडीचं ओझं पेलतात. तिथे गंज धरला की गाडीचा कणाच गेला. पुढे इंजिन धरणारी नळ्यांची चौकट आतून गंजते, वरून दिसतही नाही. एकदा मी स्वतः अशाच एका ताज्या रंगावर भाळलो होतो. सिलला चुंबक लावलं, तर ते चिकटेना. आत नुसती पुट्टी! चुंबक खिशात ठेवूनच गाडी पाहायला जा. मागचे डिस्क ब्रेकही तपासा. ते चाकांपाशी नसून आत डिफरन्शिअलला (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) लागून बसवलेत, त्यामुळे किरकोळ कामालाही मजुरी भरपूर लागते.

जुनी ९११सुद्धा गंजते. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला १९७६च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या गाडीत मागच्या टॉर्शन बारची (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याची) नळी आणि पुढचे बॅटरीचे कप्पे नीट पाहा.

ई-टाइप घ्यायचीच, तर ३.८ लिटरची की ४.२ची?

संग्राहक सर्वांत जुन्या गाड्यांसाठी जास्त पैसे मोजतात : बॉनेटच्या कड्या बाहेर, फ्लोअर सपाट. पण ३.८च्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खडखडता पडावा म्हणून वेग जुळवणारी यंत्रणा) नाही आणि सीटवर पाठ दुखते. ऑक्टोबर १९६४मध्ये आलेल्या ४.२ने या दोन्ही तक्रारी मिटवल्या. मी तीच घेईन.

जुनी ९११ वळणावर मागून फिरते, हे खरं का?

खरं आहे. इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं; वळणात घाबरून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की शेपूट बाहेर येते. १९६९च्या मॉडेलपासून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, ५७ मिलिमीटरनी वाढवला आणि गाडी बरीच शांत झाली. नवशिक्याने लांब व्हीलबेसचीच घ्यावी.

१९७३ची कॅरेरा आरएस २.७ ‘स्वस्तात’ मिळतेय...

९११च्या या आवृत्तीच्या गाड्या फक्त १,५८० बनल्या, आणि साध्या ९११ला शेपटीचा स्पॉयलर नि पट्टे लावून केलेल्या नकला भरपूर फिरतात. चॅसिस आणि इंजिनचे नंबर मूळ नोंदींशी जुळवून देणारा जाणकार सोबत नसेल, तर बयाणाही देऊ नका.