गिझर उशिरा तापत असल्यास
15 लिटर पाणी 2 किलोवॉटच्या कॉइलने 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापायला सुमारे 21 मिनिटे लागतात. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत टाकीतले पाणी याहून गार असते, म्हणून दोन-चार मिनिटे अधिक लागली तर तो बिघाड समजू नये. मात्र चाळीस मिनिटे लागत असतील आणि घरी बोअरवेलचे जड पाणी असेल, तर माझा पहिला संशय क्षारांवर जातो. आमची कॉइल बाहेर काढली तेव्हा तिच्यावर खडूसारखा पांढरा थर होता आणि टाकीच्या तळातून वाटीभर खपल्या निघाल्या. संध्याकाळी व्होल्टेज 230 वरून 200 वर उतरले, तरी कॉइलची ताकद पाऊणपटच उरते. कृपा करून एमसीबी बंद केल्याशिवाय झाकण उघडू नका.