वाचकांचे प्रश्न : मत्स्यटाकीच्या तळाची खडी बदलताना

प्रश्न : आमच्या घरी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी पाच वर्षांपासून आहे. तळाशी अंडरग्रॅव्हल फिल्टरची (खडीखाली बसणारी, फटी असलेली) प्लेट असून तिच्यावर निळी रंगीत खडी पसरली आहे. टाकीत चार एंजल आणि सहा कॉरिडोरस आहेत. खडीचा रंग आता उडू लागला आहे, शिवाय कॉरिडोरसच्या मिश्या झिजल्यासारख्या दिसतात, म्हणून खडी काढून बारीक वाळू घालावी असा विचार आहे. मासे बादलीत काढून, टाकी स्वच्छ धुऊन, एका सुटीच्या दिवशी हे काम उरकता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाळू घालण्याचा आपला विचार योग्य आहे. कॉरिडोरस तळाशी तोंड खुपसून अन्न शोधतात, आणि धारदार कडांच्या खडीत, विशेषतः ती घाणेरडी असेल तर, त्यांच्या मिश्यांना इजा होऊन संसर्ग होतो. रंगाचे पापुद्रे सुटणारी खडी तर कोणत्याही टाकीत ठेवू नये. मात्र एका दिवसात सगळे धुऊन काढण्याचा बेत कृपया सोडून द्यावा, कारण आपल्या टाकीत ती खडी हाच फिल्टर आहे.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे जो अमोनिया पाण्यात येतो, त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते पृष्ठभागांना चिकटून राहतात. अंडरग्रॅव्हल पद्धतीत एअर पंपाच्या जोरावर टाकीतले पाणी सतत खडीतून खाली ओढले जाते, त्यामुळे या जिवाणूंची जवळपास सगळी वस्ती त्या खडीवरच असते. खडी टाकून दिली की वस्तीही गेली, आणि पुढच्या दोन-चार दिवसांत चढलेल्या अमोनियाने मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. दुकानात याला ‘पाणी मानवले नाही’ असे म्हणतात. पाण्याचा त्यात काही दोष नसतो.

बाहेरचा किंवा स्पंजचा फिल्टर असलेल्या टाकीत सोय अशी असते, की तळाचा एकतृतीयांश भाग काढावा, दोन आठवडे थांबावे, मग पुढचा भाग काढावा. प्लेटच्या टाकीत ही युक्ती चालत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्लेटचा काही भाग उघडा पडताच पाणी त्या मोकळ्या वाटेने खाली जाते, उरलेल्या खडीतून ते वाहायचे थांबते, आणि तिच्यावरचे जिवाणू प्राणवायूअभावी दुबळे होतात. खडी जागेवर दिसते, पण तिचे काम थांबलेले असते. त्यातच बारीक वाळू प्लेटवर टिकतही नाही, ती फटींतून खाली उतरून सगळे बुजवते. म्हणजे वाळू हवी असेल, तर प्लेटला निरोप द्यावाच लागेल.

म्हणून सुरुवात नव्या फिल्टरपासून करावी. टाकी काठोकाठ भरली तर सुमारे 120 लिटर पाणी मावते. तेवढ्याला पुरेल असा स्पंज किंवा पॉवर फिल्टर आणून तो जुन्या प्लेटच्या जोडीने किमान सहा आठवडे चालू ठेवावा. एवढ्या अवधीत नव्या स्पंजवर वस्ती बसते. या काळात नवे मासे आणू नयेत आणि स्पंज नळाच्या पाण्याखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंनाही मारते. धुण्याची वेळ आलीच, तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो दोनदा पिळावा.

वाळू किती लागेल? थर तीन सेंटिमीटर पुरे. नव्वद गुणिले तीस गुणिले तीन म्हणजे सुमारे आठ लिटर, वजनात बारा-तेरा किलो. धुताना काही वाहून जाते, तेव्हा पंधरा किलो आणावी. जलतरण तलावाच्या फिल्टरसाठी मिळणारी गारगोटीची वाळू या कामाला उत्तम, फक्त तिचे कण गोलसर आहेत ना, हे बोटांत चोळून पाहावे. बांधकामाच्या वाळूत माती आणि चुनखडीचे तुकडे असण्याची शक्यता असते. कोणत्याही वाळूच्या चिमूटभर नमुन्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत; फेस आला तर तिच्यात चुना आहे, आणि ती पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, करील. वाळू बादलीत घेऊन वरचे पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण इथे घाई केली तर टाकी आठवडाभर ताकासारखी दिसते.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी हीटर असेल तर त्याचा प्लग काढून पंधरा-वीस मिनिटे तो पाण्यातच थंड होऊ द्यावा, नाहीतर पाणी उतरताच काच तडकते. साबण कधीही न लागलेल्या बादलीत टाकीचेच पाणी घेऊन मासे तिच्यात ठेवावेत, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडावा आणि वर झाकण ठेवावे. नवा फिल्टरही याच काळात दुसऱ्या बादलीत, टाकीच्या पाण्यात चालू राहू द्यावा. निम्मे स्वच्छ पाणी पिंपात साठवून मगच खडीला हात लावावा. प्लेटखाली पाच वर्षांचा काळा गाळ असणार. ती उचलताना सडक्या अंड्यांसारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइडचा आहे, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ते गढूळ पाणी शेवटच्या थेंबापर्यंत फेकून द्यावे. जुन्या खडीतील दोन-तीन ओंजळी, न धुता, नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत बांधून नव्या फिल्टरजवळ महिनाभर टांगून ठेवाव्यात.

वाळू पसरून तिच्यावर एक ताटली ठेवावी आणि साठवलेले पाणी ताटलीवर हळू सोडावे. कमी पडणारे नवे पाणी क्लोरीन काढलेले आणि तापमानाला जुळते असावे. उडालेली वाळू खाली बसल्याशिवाय फिल्टर टाकीत सुरू करू नये, कारण वाळूचा कण पंपात गेला की त्याचे पाते झिजते. पाण्यातला हलका धुरकटपणा एक-दोन दिवस राहतो, त्याने काही बिघडत नाही.

त्या दिवशी माशांना खायला देऊ नये आणि पुढचा आठवडा निम्मेच द्यावे. दोन आठवडे दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. दोन्ही आकडे शून्य हवेत, अमोनिया लिटरला 0.25 मिलिग्रॅम किंवा वर दिसला, तर त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदलावे.

प्रश्न : खडी दरवर्षी बदलावीच लागते, असे आमच्या दुकानदाराने सांगितले. हे खरे आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. दगड शिळा होत नाही. पाणी बदलताना सायफनची रुंद नळी खडीत खुपसून प्रत्येक वेळी तळाचा एक भाग साफ केला, तर चांगली खडी वर्षानुवर्षे चालते. रंग सुटणे, मिश्या असलेल्या माशांना इजा होणे किंवा संगमरवराच्या तुकड्यांमुळे पाणी जड होत राहणे, अशा कारणांशिवाय ती बदलू नये.

प्रश्न : आमच्या दोन फुटी टाकीत गप्पी आणि टेट्रा आहेत, तळाशी साधी खडी आहे. वनस्पती लावण्यासाठी तिच्यावर अ‍ॅक्वासॉइलचा (पाणवनस्पतींसाठी मिळणाऱ्या खतयुक्त मातीच्या दाण्यांचा) थर घातला तर चालेल का? मासे टाकीतच ठेवता येतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मासे असताना नको. बहुतेक नवी अ‍ॅक्वासॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. वनस्पतींना तो उपयोगी पडतो, माशांना मात्र घातक ठरतो. ती पाणी मऊ आणि किंचित आम्लही करते. टेट्रांना हे मानवते, गप्पींना मात्र जड पाणी हवे असते. शिवाय हे ठिसूळ दाणे खडीवर घातले, तर हळूहळू दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

आपल्याला एवढ्या खटाटोपाची गरजच नसावी. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधावेत. त्यांचे आडवे खोड खडीत पुरले तर ते उलट सडते. क्रिप्टोकोरायनी आणि व्हॅलिस्नेरिया साध्या खडीतही वाढतात, फक्त मुळांशी खताची गोळी खोल खोचून दर दोन-तीन महिन्यांनी नवी घालावी. क्रिप्टोकोरायनी लावल्यावर पहिल्या आठवड्यात तिची पाने विरघळल्यासारखी गळाली, तर उपटून टाकू नये. मुळे शाबूत असतील तर महिन्याभरात नवी पाने फुटतात. तोवर गळालेली पाने मात्र रोज उचलावीत.