इंदूरच्या गणेशोत्सवात एकट्याने गिटार आणि आवाज लूप करायचाय (तुकडा रेकॉर्ड करून तोच पुन्हा पुन्हा वाजवायचा), लॅपटॉप आहे. स्वस्त फूट पेडल कोणतं घ्यावं?

सगळ्यांत स्वस्त म्हणजे यूएसबी फूट स्विच. लॅपटॉप त्याला कीबोर्डच समजतो. पाय दिला की एक कळ दाबली जाते. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘की मॅप’ने ती कळ त्यातल्या लूपरच्या मोठ्या बटणाला जोडा. रेकॉर्ड, प्ले, ओव्हरडब (लूपवर नवा थर चढवणं) सगळं त्याच बटणावर होतं, आणि झटपट दोनदा दाबलं की लूप थांबतो. मॅक किंवा लिनक्स असेल तर सूपरलूपर हे लूपिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे.

पण मंचावर एखादी दुसरी खिडकी पुढे आली तर कळ तिकडेच जाते. म्हणून मी मिडीलाच कौल देईन. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा; तो संदेश थेट सॉफ्टवेअरकडे जातो, पुढे कोणती खिडकी आहे याने फरक पडत नाही. घरी मिडी कीबोर्ड असेल तर त्याचं सस्टेन पेडल पुरतं, नवीन काही घेऊच नका. जास्त बटणं हवीत तर जुना बेहरिंगर एफसीबी१०१० हा पायाने चालवायचा मिडी कंट्रोलर शोधा. त्याला १० स्विच आहेत, पण यूएसबी नाही. लॅपटॉपला जोडायला मिडी इंटरफेस वेगळा लागेल.

खरी परीक्षा मंडपात होते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की प्रत्येक ओव्हरडबला तो लूपमध्ये साचत जातो आणि चार थरांत सगळा चिखल होतो. गिटार थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) लावा, स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा, स्वतः हेडफोनवर ऐका. विंडोजवर आवाज उशिरा येऊ नये म्हणून एएसआयओ नावाचा ऑडिओ ड्रायव्हर हवाच. बफर (आवाजाचे किती नमुने एका वेळी हाताळायचे तो आकडा) १२८ ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झला तो जेमतेम ३ मिलिसेकंद होतो. लूप बंद करताना पाय बरोबर समेवर पडायला हवा, त्याचा रियाज तबल्याच्या ठेक्यावर करा.

हलकं पेडल सतरंजीवर सरकतं. प्लायवुडच्या तुकड्यावर घट्ट बसवून घ्या.