संकल्प मोडेल त्या दिवसासाठी

चि. …स,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची नव्या वर्षाच्या संकल्पांची यादी, दोन्ही सावकाश वाचलं. पहाटे पाचला उठून तासभर ध्यान, रोज एक अध्याय वाचन, वर्षभर कुणावर चिडायचं नाही, सगळ्यांशी चांगलं वागायचं, मोबाइल कमी, आणि शेवटी ‘देवावर पूर्ण भरवसा’. या शेवटच्या ओळीखाली तू दोनदा रेघ मारली आहेस. ती ओळ मला मनापासून आवडली, आणि हे उत्तर लांबणार आहे ते तिच्यामुळेच. कारण वरची यादी पाहिली तर तिच्यात देवाला फारसं काम ठेवलेलं दिसत नाही. सगळा भार तुझ्या निग्रहावर आहे, आणि तोही ३१ डिसेंबरच्या रात्री असतो त्या निग्रहावर.

वर्षाची सुरुवात कुठून धरायची हे माणसांनीच ठरवलं. १ जानेवारीपासून सुरू होणारं, रोमच्या ज्युलियस सीझरचं सौर कॅलेंडर इसवी सनपूर्व ४५ मध्ये लागू झालं. मुसलमानांचं हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतं. ज्यूंचं नवं वर्ष शरद ऋतूत येतं. तेव्हा तारखेतच काही बळ असतं असं समजू नकोस. पण थांबून मागे-पुढे पाहायला एखादा दिवस राखून ठेवावा, हे फार जणांना फार पूर्वीपासून सुचलेलं आहे. तुलाही ते सुचलं याचा मला आनंद आहे.

आता ज्या दिवसाबद्दल यादीत एक अक्षर नाही, त्याबद्दल लिहिते. जानेवारीचा तिसरा आठवडा असेल. आदल्या रात्री अभ्यास करता करता दीड वाजलेला. पाचचा गजर झोपेतच बंद होतो आणि डोळा उघडतो तो आठला. पहिला विचार येतो, ‘गेलं!’ दुसऱ्या दिवशी जाग वेळेवर येते, तरी तू उठत नाहीस, कारण सलग साखळी तर कालच तुटली. चौथ्या दिवशी पुस्तक ठेवलेल्या कोपऱ्याकडे पाहायचंही तू टाळतेस. पानात घातलेली खूण जिथल्या तिथे. दहाव्या दिवशी वाटायला लागतं, आता कोणत्या तोंडाने जाऊन बसू?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झोप लागली हा काही गुन्हा नव्हे. पण चुकलेल्या माणसाला देव दारात उभं करणार नाही असं मनाशी धरून तू लांब राहिलीस, तर विश्वास जिथे खरा कामाला यायचा तिथेच तो गुंडाळून ठेवल्यासारखं होईल. सगळं सुरळीत चाललेलं असताना भरवसा ठेवायला फार काही लागत नाही. चुकलेल्या दिवशी संध्याकाळी, काहीही कमावलेलं नसताना, त्याच्यासमोर जाऊन बसायला मात्र खरा भरवसा लागतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन नेमकं हेच विचारतो. श्रद्धा आहे पण प्रयत्न पुरा पडला नाही, मन मध्येच ढळलं, अशा माणसाचं काय होतं? फुटलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा विरून जातो का? इतका जिव्हाळ्याचा प्रश्न त्या संवादात फार थोड्या ठिकाणी आहे. उत्तरात कृष्ण त्याला ‘तात’ म्हणतो, लेकराला म्हणावं तसं, आणि सांगतो की भलं करणारा कुणीही दुर्गतीला जात नाही. जे झालं ते वाया जात नाही, पुढची सुरुवात तिथूनच होते. वर्षाच्या यादीत एखादं वचन लिहायचंच असेल तर हे लिही.

अभ्यासकांच्या हाती लागलेली एक गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील तर कुणाला २५४, इतका फरक त्यांच्या हिशेबात निघाला. मधला आकडा ६६. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते मनावर घेऊ नकोस. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात म्हणण्यासारखा खंड पडला नाही, असंही त्यांना आढळलं. ‘गेलं’ म्हणून तू ज्याच्यावर पाणी सोडणार होतीस, ते गेलेलंच नसतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की संकल्पाबरोबर परतीची वाटही आजच लिहून ठेव. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे, की ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधी ठरवलेलं असलं, तर नुसत्या इच्छेपेक्षा ते हातून जास्त घडतं. तुझं वाक्य असं असू शकेल: ‘सकाळ चुकली, तर त्याच रात्री दिवा मालवण्याआधी बिछान्यावर बसून पाच मिनिटं. दहा दिवस चुकले, तरी अकराव्या दिवशी हीच पाच मिनिटं.’ चुकलेल्या दिवसांची भरपाई करायची नाही, दुप्पट वेळ बसायचं नाही. दंड लावून घेतलास तर त्याच्या धाकानेच आणखी चार दिवस टाळशील. नुसतं यायचं. पहिलं वाक्य सुचेना झालं तर ‘आले’ एवढं म्हण आणि गप्प बस. तेही प्रार्थनेत धरलं जातं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

यादीतलं ‘सगळ्यांशी चांगलं वागायचं’ खोडून टाक. सगळे म्हणजे कुणीच नाही. त्या जागी एक नाव लिही. कुणाचं ते मी सांगायला नको. मागच्या पत्रात त्या मैत्रिणीचा उल्लेख आला की तुझं अक्षर बदलत होतं. ज्यू परंपरेत नव्या वर्षापासून योम किप्पूरपर्यंतचे, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंतचे, दहा दिवस आत्मपरीक्षणाचे असतात. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात याबद्दल एक कडक नियम आहे: देवाविरुद्धच्या चुकांची क्षमा त्या दिवशी मिळते, पण माणसाविरुद्धच्या चुकांची मिळत नाही, जोपर्यंत आपण त्या माणसाची समजूत काढत नाही. मला हा नियम फार योग्य वाटतो. तासभर ध्यान करणं तिला एक फोन करण्यापेक्षा सोपं आहे, आणि म्हणूनच तुझ्या यादीत ध्यान आहे आणि फोन नाही. तिने उचलला नाही तर दोन ओळी लिहून पाठव. त्यात तुझी बाजू मांडू नकोस.

परीक्षेच्या निकालाचं तू यादीत लिहिलं नाहीस, बहुतेक मागायला संकोच वाटला असेल. मोकळेपणाने माग. हट्टाने माग. देवाकडे मागणं हे कमी प्रतीचं आहे असं सांगणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. फक्त मागणं आणि संकल्प वेगवेगळ्या कागदांवर ठेव. अभ्यासाला बसणं तुझ्या हातात आहे, निकाल नाही. दोन्ही एकाच ओळीत आले की निकालाबरोबर श्रद्धाही पास-नापास व्हायला लागते. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने ऑगस्ट १७५५ मध्ये आपल्या अनुयायांना एकत्र जमवून देवाशी असलेला करार नव्याने करायला लावला होता. त्याच्या मेथडिस्ट पंथाच्या मंडळींमध्ये ही उपासना आता बहुधा वर्षाच्या सुरुवातीला होते. तिच्या प्रार्थनेत माणूस म्हणतो की मला कामाला लाव किंवा सोसायला लाव, उपयोगात आण किंवा बाजूला ठेव. हे आज तुझ्या तोंडून निघणार नाही, ओढूनताणून म्हणूही नकोस. वर्षभरात निदान एकदा ते मनापासून म्हणता यावं, एवढी आशा मी तुझ्यासाठी करते.

रात्रीच्या त्या पाच मिनिटांत काय करायचं? सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताने दिवसाकडे वळून पाहायची एक रीत घालून दिली. तिच्या पाच पायऱ्यांत पहिली आहे आभाराची. चुका नंतर. हा क्रम सांभाळ. तुझा हिशेब नेहमी चुकांपासून सुरू होतो आणि तिथेच झोप लागते. आज काय मिळालं ते आधी आठव, अगदी बारीकसं का असेना: कुणी रस्ता दाखवला, डोकं दुखायचं थांबलं, अडलेलं गणित सुटलं. मग चुकलं ते सांग. मग उद्याच्या एका गोष्टीसाठी बळ माग. एकाच.

एप्रिलमध्ये मला पत्र पाठव. किती दिवस पाळलं ते लिहू नकोस. मध्ये किती दिवस गेले आणि परत बसलीस तेव्हा कसं वाटलं, ते सविस्तर लिही.

तुझ्या,
बाई

ता. क. पहाटे पाचचा हट्ट सोड. रात्री दीडपर्यंत जागणाऱ्याने ती वेळ धरायचीच कशाला? तुझा दिवस ज्या वेळी थोडा सैल असतो ती वेळ घे, मग ती दुपारी तीनची असली तरी चालेल. आणि मैत्रिणीला फोन १ तारखेची वाट न पाहता कर.