रंधा मशीन चाकांच्या चौकटीवर चढवताना

रंधा मशीन, म्हणजे लाकूड रंधून सपाट करणारे यंत्र, हलवता यावे म्हणून चाकांच्या चौकटीवर चढवायचे असेल आणि ते बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असेल, तर मदतीला चार माणसे असली तरी, ते एका दमात उचलण्याचा विचार सोडून द्यावा. प्रथम वीजजोडणी काढावी, मोटर सुटी होत असल्यास तीही उतरवावी, आणि मग पहारीने एक बाजू जेमतेम बोटभर उचलून तिच्याखाली जाड फळी सरकवावी. नंतर दुसरी बाजू, असे आळीपाळीने करत चौकट आत जाईल एवढी उंची गाठावी. पहार बैठकीखालीच लावावी, टेबलाच्या कडेखाली कदापि नाही, कारण बीड वाकत नाही, थेट तडकते. फळी सरकवताना बोटे आत घालू नयेत, ती काठीने ढकलावी. उंचीसाठी खाली लाकडी ठोकळे रचताना ते एका थरात लांबीच्या दिशेने, तर पुढच्या थरात त्यांना आडवे ठेवावेत. पत्र्याच्या छताच्या कैचीला (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) चेन पुली, म्हणजे साखळीने वजन उचलणारी कप्पी, टांगण्याचा मोह अनेकांना होतो. ती कैची पत्र्याचा भार पेलण्यासाठी असते, मशीनचा नव्हे. बँडसॉ (पट्टीसारख्या पात्याचे उभे करवत मशीन) असाच चढवायचा असेल, तर त्याचे वजन वरच्या भागात असल्याने तो जरा कलला तरी सावरत नाही, म्हणून त्याला धरायला एक माणूस वेगळा ठेवावा. चौकट घेताना, काम करतेवेळी चाके जमिनीपासून सुटून मशीन पायांवर टेकेल अशीच घ्यावी. नुसत्या चाकांच्या ब्रेकवर लांब फळी रंधताना मशीन हलते.