डॉक्टरांनी मला बाहेर का बसवलं?

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. सारखी थकते म्हणून सुट्टीत धंतोलीतल्या आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. वजन, उंची, बीपी झालं. हिमोग्लोबिन १०.२ निघालं. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा, मला हिच्याशी बोलायचंय." असं आजवर कधी झालं नव्हतं. घरी येताना गाडीवर तिला विचारलं, तर "काही नाही गं आई" एवढंच. सासूबाई म्हणतात, आईपासून लपवण्यासारखं काय बोलून राहिले असतील? मलाही तेच वाटतं. मुलगी माझी आहे, मला कळायला नको का?
– एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांनी केलं ते मीही रोज करते आणि ते योग्यच आहे. मात्र तुम्हाला आधी कल्पना द्यायला हवी होती. माझ्याकडची मुलं दहा-अकराची झाली की मी आईवडिलांना सांगून ठेवते, पुढच्या खेपेपासून थोडा वेळ मी हिच्याशी एकटीशी बोलणार, आणि सगळ्यांच्याच मुलांशी बोलते. तेवढं कानावर असलं की आपल्याच पोरीचं काहीतरी बिनसलंय अशी शंका येत नाही.

आता त्या १०.२ कडे बघा. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन निदान १२ हवं. ते कमी का, हे शोधायचं तर पाळीबद्दल विचारावंच लागतं. "पाळी कशी आहे?" असं मी मुलीला विचारते आणि उत्तर आई देते, "नॉर्मल आहे." मुलगी स्वतःच्या चपलांकडे बघत असते. आई बाहेर गेल्यावर मी तेच नीट फोडून विचारते. दिवसाला किती पॅड लागतात? रात्री उठून बदलावं लागतं का? गाठी पडतात का? मग एखादी सांगते की आठ-नऊ दिवस जातं, पण सगळ्यांचंच असं असेल असं तिला वाटत होतं. एखादी सांगते की शाळेतल्या संडासाला आतून कडी नाही, त्यामुळे ती दिवसभर पाणीच पीत नाही. एखादीला वर्गात कुणी 'जाडी' म्हटलेलं असतं आणि तेव्हापासून तिचा डबा मैत्रीण खाते. आईने तो डबा सकाळी उठून केलेला असतो, म्हणून तिच्यासमोर हे तोंडातून निघत नाही. मुलगी आईला दूर लोटते असं यात काही नाही, तिला आईचं मन मोडायचं नसतं. रक्त कमी असण्याचं कारण जसं निघेल तसा उपाय बदलतो, आणि कारण हाती न लागता नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या तर वर्षाने पुन्हा तोच आकडा समोर येतो.

मुलग्यांचंही असंच. ऐन मे महिन्यात शर्टाच्या आत दोन बनियन घालून आलेला एक मुलगा मला आठवतो. वडिलांची तक्रार होती की याने पोहणं सोडलं, आळशी झालाय. वडील बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "छाती मुलींसारखी होऊन राहिली." वयात येताना कित्येक मुलग्यांना हे होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. एवढं सांगणारं कुणी भेटेपर्यंत तो पोरगा उन्हाळाभर दोन बनियन घालून फिरला. मला याचं फार वाईट वाटतं.

बाकी आम्ही विचारतो ते घर, शाळा, झोप, मोबाइल, मित्र, कुणी खर्रा किंवा सिगारेट पुढे केली का, कुणी आवडतं का, कधी जगणं नकोसं वाटतं का, हे.

तुम्हाला कळायला हवं का? हवं, आणि काळजीचं काही असेल तर ते तुमच्यापर्यंत येईलच. मी सुरुवातीलाच आई आणि मुलगी दोघींसमोर सांगते : हिने सांगितलेलं माझ्यापाशी राहील, पण हिच्या जिवाला धोका असेल किंवा हिला कुणी त्रास देत असेल, तर मी गप्प बसणार नाही. तसं काही असलं तर आधी तिला सांगून, शक्यतो तिच्यासमोरच आईशी बोलते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारकच आहे. आजार, तपासण्या, औषधं यांबद्दल तर पालकांशी बोलणं होतंच.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. एकांत फक्त बोलण्यासाठी असतो. अंगाची तपासणी करायची तर आई किंवा नर्सबाई खोलीत हवीच. तिथे कुणी तुम्हाला बाहेर जा म्हटलं, तर खुशाल नाही म्हणा.

हे खासगी दवाखान्यांचंच फॅड आहे असंही समजू नका. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांमधून त्याची 'मैत्री' क्लिनिकं चालतात आणि तिथेही मुलांशी एकांतात बोलण्याची पद्धत आहे.

तेव्हा मुलीच्या मागे लागू नका. "तुला वाटलं तर सांग, नाही सांगितलंस तरी चालेल," एवढं एकदा म्हणा आणि तो विषय तिच्यावर सोडा. रक्त कमी का आहे आणि पुढे काय ठरलं, हे डॉक्टरांना सरळ विचारा, तो तुमचा हक्क आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्त कमी करणारा आनुवंशिक आजार, बराच आढळतो, ती तपासणी झाली नसेल तर करून घ्या. गोळ्या सुरू झाल्या असतील तर त्या चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या. आणि महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा बघा.