खांदेरीची लढाई वाचताना आधी पाणी बघ

चि. स अनेक आशीर्वाद.

खांदेरीवरचं, म्हणजे अलिबागजवळ थळसमोरच्या त्या बेटासाठी मराठे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईवरचं, तुझं टिपण वाचलं. जहाजांची नावं, सरदारांची नावं, तोफा, सगळं मेहनतीने जमवलं आहेस. पण त्यात समुद्र कुठेच नाही. ‘१८ ऑक्टोबर १६७९ ला दौलतखानाची चाळीस-पन्नास गलबतं एकाएकी इंग्रजांवर चालून आली,’ असं तू मराठ्यांच्या या आरमारप्रमुखाबद्दल लिहितेस. ती कोणत्या प्रहरी आली, वारा कुठला होता, पाणी चढत होतं की उतरत होतं, हे विचारल्याशिवाय आरमाराची लढाई कळत नाही. म्हणून या एकाच लढाईवर महिनाभर बस. दहा लढायांच्या याद्या नकोत.

सुरुवात तारखेपासून कर. मुंबई-सुरतेचे इंग्रज तेव्हा जुनी ज्युलियन तारीख लिहीत. आजची (ग्रेगोरियन) तारीख काढायला सतराव्या शतकात तिच्यात दहा दिवस मिळवायचे (मार्च १७०० पासून अकरा), म्हणजे १८ ऑक्टोबरचा होतो २८ ऑक्टोबर. पोर्तुगीज कागदांत नवीच तारीख असते. तिथेही सवयीने दहा मिळवलेस, तर लढाई नोव्हेंबरात जाऊन पडेल. आणखी एक खड्डा आहे: इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जंजिऱ्याच्या सिद्दीने खांदेरीशेजारचं उंदेरी बेट घेतलं ते जानेवारी १६८० मध्ये, पण इंग्रजांच्या हिशेबाने तेव्हा १६७९ च चालू होतं. हे ध्यानात नसलं की उंदेरीचा प्रसंग खांदेरीच्या आधी जाऊन बसतो आणि पुढची सगळी कारणमीमांसा उलटी होते.

तारीख जुळली की तिथी काढ. त्या महिन्याची अमावास्या ३ नोव्हेंबरच्या आसपास येते, म्हणजे लढाईचा दिवस वद्य नवमीच्या सुमाराचा. आता कोळ्यांचा हिशेब लाव: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. सकाळीही आणि संध्याकाळीही. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गृहीत धर, पण चित्र बदलत नाही. उजाडताना पाणी चढतीला होतं आणि दिवस भांगाचे, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीचे, होते. मुंबईच्या पाण्यात मोठ्या उधाणाला चढउतार साडेचार मीटरच्या पुढे जातो, भांगाला त्याच्या निम्माही नसतो. त्यामुळे ओढ मंद, वल्हेकऱ्यांना सोयीची.

त्यात वारा मिळव. ऑक्टोबरअखेर पावसाळी वारे संपलेले असतात. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई वाहतो, दुपारी खारा वारा उलटतो. पहाटे किनाऱ्याकडून बाहेर पडणाऱ्याच्या पाठीशी वारा असतो. नांगरावर असलेल्या जहाजाला मात्र नांगर उचलून, शिडं चढवून, तोंड वळवेपर्यंत वेळ लागतो. मराठे पहाटेच आले. इंग्रजांना नीट हलताही आलं नाही आणि अर्ध्या तासाच्या आत त्यांची ‘डोव्हर’ नावाची गुराब निशाण उतरवून मराठ्यांच्या हाती गेली. आता ‘एकाएकी’ या शब्दात काय काय भरलेलं आहे, ते दिसेल.

जहाजांचे प्रकार पाठ करू नकोस, त्यांची कामं समज. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची. तिच्या जड तोफा नाळेवर, पुढच्या अंगाला. म्हणजे मारा करायचा तर नाळ शत्रूकडे वळवावी लागते. गलबत फार तर सत्तर टनांपर्यंत, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, हलक्या तोफांचं. वारा पडला की गलबतं गुराबेला दोरावर ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभी करत, कारण तिथे तोफा सर्वांत कमी असतात. हे आकडे मुख्यतः अठराव्या शतकातल्या वर्णनांतले आहेत. १६७९ ची बरीच गलबतं त्याहून लहान धर.

इंग्रजांच्या ‘रिव्हेंज’वर कॅप्टन मिंचिन आणि कैग्विन होते. ते जहाज मात्र टिकून लढलं, आणि पाच गलबतं बुडवल्याचा इंग्रजांचा दावा आहे. दावा हा शब्द टिपणात राहू दे. शत्रूची बुडालेली जहाजं मोजताना जिंकणाऱ्याचा हात नेहमी सैल असतो. मराठे नागोठण्याच्या खाडीकडे उथळ पाण्यात निघून गेले. याला तू ‘पराभव’ म्हटलं आहेस. इथे माझा तुझ्याशी खरा मतभेद आहे.

लढाई कशासाठी होती? बेटासाठी. बेटावर मराठ्यांचा मायनाक भंडारी आणि त्याची माणसं तट बांधत होती. त्यांना धान्य, दारूगोळा, चुना पोचला तर बेट राहणार, नाहीतर नाही. थळच्या किनाऱ्यापासून खांदेरी सुमारे पाच किलोमीटर. वल्ह्यांवर ताशी सहा किलोमीटर धरले तर पन्नास मिनिटांची वाट. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि पुढे अमावास्येपर्यंत रोज आणखी उशिरा. त्या काळोखात एक होडी सामान टाकून उजाडायच्या आत सहज परत येते. खोल बुडाच्या जहाजांना किनाऱ्यालगतच्या खडकांत त्यांचा पाठलाग करता येत नव्हता, आणि ती लहान होडकी आपल्या हाती लागत नाहीत ही इंग्रजांचीच तक्रार होती. दिवसाचं पाणी त्यांचं होतं, रात्रीचं मराठ्यांचं. बेट मराठ्यांकडेच राहिलं.

नकाशा वापरताना एक जप. सागरी नकाशावरची खोली सर्वांत खालच्या ओहोटीची असते, तीत त्या वेळची भरती मिळवायची. खडक साडेतीनशे वर्षांत हललेले नाहीत, त्यांच्यावर विसंबायला हरकत नाही. खाड्यांत मात्र गाळ भरला आहे. आजचा खाडीतला आकडा १६७९ ला लावू नकोस.

टिपण नव्याने लिहिण्याआधी ऑक्टोबरअखेर एका पहाटे थळच्या किनाऱ्यावर जा. साडेपाचला पोच, वारा कुठल्या गालाला लागतो ते बघ, आणि दर पंधरा मिनिटांनी पाण्याची रेघ वहीत मांड. मग सप्टेंबरातला प्रसंग घे. लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला, ती इंग्रजी तारीख १९ सप्टेंबर १६७९. तिची तिथी आणि भरतीची वेळ काढ, आणि या लढाईच्या तिथीशेजारी ठेवून मला पाठव.

कळावे.